शेतकरी मेळाव्यातील अनेक स्पीकर आणि एक नियंत्रण

‘सात’ आणि ‘साठ’ या दोन शब्दांत केवळ एका व्यंजनाचा फरक आहे. बोलणाऱ्याच्या समोर बसलेल्या माणसास तो सहज कळतो. परंतु उघड्या शिवारात चाळीस पावलांवर उभ्या असलेल्या शेतमजुरास तो कळेलच असे नाही. दहा लिटर पाण्यात एखादे औषध सात मिलिलिटर घालावे असे सांगितले गेले आणि शेवटच्या रांगेत ते साठ असे ऐकले गेले, तर मात्रा आठपटीहून अधिक होते. त्यामुळे पीक करपते, खर्च वाढतो आणि फवारणी करणाऱ्याच्या जिवासही धोका उत्पन्न होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. तथापि फवारणीविषयीची प्रत्येक सूचना प्रत्यक्ष पंप पाठीवर घेणाऱ्या माणसापर्यंत स्पष्टपणे पोहोचली पाहिजे, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे. आणि पंप पाठीवर घेणारा माणूस मेळाव्यात बहुधा मागच्या रांगेतच असतो. स्त्रियाही पुष्कळदा कडेला किंवा मागे बसतात.

मेळावा, शेतीशाळा, शिवारफेरी किंवा पीक प्रात्यक्षिक यांसाठी अलीकडे चाके लावलेले, बॅटरीवर चालणारे फिरते स्पीकर सर्रास वापरले जातात. एक ग्रामपंचायतीचा, एक शाळेचा, एक शेतकरी उत्पादक कंपनीचा व एखादा गावातील मंडळाचा, असे तीन-चार स्पीकर गोळा करणे अवघड नसते. अडचण येते ती ते एकत्र चालविताना. प्रत्येकाचा रिमोट वेगळा, आवाज वेगळा आणि प्रत्येकापाशी एकेक माणूस बटणे फिरवीत उभा, असे दृश्य अनेक ठिकाणी दिसते. हे सर्व स्पीकर एकाच रिमोटने, एकाच माणसाच्या हाताने कसे नियंत्रित करता येतील, याचा विचार या लेखात केला आहे.

अनेक लहान स्पीकर कशासाठी?

उघड्या जागेत आवाज चहूकडे पसरत जातो व अंतर वाढेल तसा झपाट्याने क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता एक-चतुर्थांश होते. स्पीकरपासून ३ मीटरवर बसलेल्या श्रोत्याच्या मानाने २४ मीटरवरील श्रोत्यास चौसष्टावा भागच मिळतो. ध्वनी मोजण्याच्या डेसिबल या मापात हा फरक सुमारे १८ डेसिबल होतो. शिवारात भिंती नसल्यामुळे आवाज परावर्तित होऊन मागच्या माणसास साहाय्यही होत नाही. अशा वेळी एकच मोठा स्पीकर पुढे ठेवून त्याचा आवाज वाढविला, तर पुढच्यांचे कान बधिर होतात आणि मागच्यांना मात्र जेमतेम ऐकू येते. त्याऐवजी चार लहान स्पीकर श्रोत्यांमध्ये विभागून, प्रत्येकाचा आवाज बेताचा ठेवला, तर प्रत्येक श्रोता कोणत्या तरी स्पीकरच्या जवळ येतो. बोलण्यातील स्वरांचा आवाज जोरकस असतो, व्यंजनांचा क्षीण असतो. वाऱ्यात, गोंगाटात व अंतरामुळे प्रथम व्यंजनेच हरवतात. सबब ‘सात’ व ‘साठ’ यांतील भेद राखावयाचा असेल तर आवाज मोठा करण्यापेक्षा तो श्रोत्याच्या जवळ नेणे अधिक हितावह होय.

पेटीबरोबर मिळणारा रिमोट

बहुतेक फिरत्या स्पीकरबरोबर मिळणारा लहान रिमोट हा अवरक्त किरणांवर चालतो. बटण दाबताच त्याच्या टोकावरील दिवा डोळ्यास न दिसणाऱ्या प्रकाशात उघडझाप करतो. ही उघडझाप सामान्यतः सेकंदास सुमारे ३८,००० वेळा होते व तिच्या लहानमोठ्या तुकड्यांतून प्रत्येक बटणाचा स्वतंत्र संकेत तयार होतो. स्पीकरच्या दर्शनी भागावर एक लहान काळा डोळा असतो. तो हा संकेत ओळखतो व त्याप्रमाणे आवाज वाढवितो, कमी करतो किंवा बंद करतो.

एकाच कंपनीच्या एकाच नमुन्याच्या सर्व स्पीकरना बहुधा एकच संकेत कळतो. म्हणून तत्त्वतः एका रिमोटने चारही स्पीकर चालविता येतात. निरनिराळ्या कंपन्यांचे स्पीकर असतील तर अनेक संकेत साठवून ठेवणारा सार्वत्रिक रिमोट बाजारात मिळतो. परंतु मेळाव्यात या रिमोटवर विसंबून राहण्यापूर्वी त्याच्या तीन मर्यादा ध्यानात घ्याव्यात.

पहिली मर्यादा दृष्टीची. रिमोट आणि स्पीकरचा डोळा हे समोरासमोर असावे लागतात. मध्ये माणूस, खांब किंवा कनात आली की संकेत अडतो. घरात हा रिमोट आठ-दहा मीटरपर्यंत काम देतो. उघड्यावर मात्र सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण विपुल असल्याने स्पीकरचा डोळा जणू दिपून जातो व हे अंतर बरेच घटते. डोळ्यावर सावली पडेल असा लहान पुठ्ठा लावल्यास थोडा उपयोग होतो.

दुसरी मर्यादा अशी की, हा रिमोट केवळ आज्ञा देतो. ती पोहोचली किंवा नाही हे त्यास कळत नाही. आवाज कमी करण्याचे बटण पाच वेळा दाबले आणि एका स्पीकरने त्यांतील दोनच आज्ञा घेतल्या, तर त्याचा आवाज इतरांहून मोठा राहतो. असे दोन-चार वेळा झाले की सकाळी जुळविलेले चारही आवाज दुपारपर्यंत बेसूर होतात.

तिसरी मर्यादा सर्वांत अधिक घोटाळा करणारी आहे. आवाज तोडणे व पुन्हा सुरू करणे यांसाठी पुष्कळ रिमोटवर एकच बटण असते. समजा, बटण दाबताच तीन स्पीकर गप्प झाले, पण पाठमोरा असलेला चौथा चालूच राहिला. त्यास बंद करण्यासाठी पुन्हा बटण दाबले, तर चौथा गप्प होतो आणि आधीचे तिघे बोलू लागतात. हे कितीही वेळा दाबले तरी जुळत नाही. निवड बदलण्याच्या बटणाचेही असेच होते. एखादा स्पीकर माईक सोडून एफ. एम. रेडिओवर जातो आणि व्याख्यान चालू असता मध्येच गाणे वाजू लागते.

रिमोट चालतो की नाही हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. मोबाईलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरावे व बटण दाबावे. दिवा पांढुरका किंवा जांभळट चमकताना पडद्यावर दिसला तर रिमोट ठीक आहे असे समजावे. काही मोबाईलच्या मागील कॅमेऱ्यात हा प्रकाश दिसत नाही. अशा वेळी पुढील कॅमेऱ्यात पाहावे.

ब्लूटूथ व त्याचा विलंब

मोबाईलवरून ब्लूटूथद्वारे स्पीकर चालविणे सोयीचे वाटते. येथे अवरक्त किरणांऐवजी रेडिओ लहरी वापरल्या जात असल्यामुळे समोरासमोर असण्याची तितकी गरज राहत नाही. परंतु नेहमीच्या ब्लूटूथमध्ये एका मोबाईलने एकाच स्पीकरशी जोड करावी, अशी मूळ योजना आहे. काही कंपन्यांचे एकाच नमुन्याचे दोन किंवा अधिक स्पीकर आपसांत जोडता येतात. निरनिराळ्या कंपन्यांचे मात्र बहुधा जुळत नाहीत. एकाच उगमाचा आवाज कितीही ग्राहकयंत्रांना एकाच वेळी देणारी ‘ऑराकास्ट’ नावाची ब्लूटूथची नवी पद्धत २०२२ साली जाहीर झाली. मात्र ती वापरावयाची तर पाठविणारे व घेणारे अशी दोन्ही यंत्रे त्या पद्धतीची असावी लागतात. नवा स्पीकर घेताना याची चौकशी करावी. जुन्या स्पीकरला तिचा उपयोग नाही.

नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज एक-दशांश ते दोन-दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. गाणे वाजविताना हा विलंब जाणवत नाही. परंतु एक स्पीकर तारेने व दुसरा ब्लूटूथने जोडलेला असेल, तर वक्त्याचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि दुसरा शब्द पहिल्याच्या शेपटावर पडून अर्थ बिघडतो. म्हणून प्रत्यक्ष भाषणासाठी तार व ब्लूटूथ यांची सरमिसळ कधीही करू नये.

नियंत्रण उगमाशी असावे

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, चार ठिकाणी ठेवलेल्या चार स्पीकरना दुरून आज्ञा देत बसण्यात स्थैर्य नाही. याहून सोपा व खात्रीचा मार्ग असा की, स्पीकरची बटणे एकदा जुळवून स्थिर करावीत आणि आवाज जेथून निघतो तेथे, म्हणजे माईक व मिक्सर यांपाशी, त्याचे नियंत्रण करावे. कालव्याचे पाणी कमी-जास्त करावयाचे असता प्रत्येक शेताचा बांध फोडीत कोणी हिंडत नाही. मुखाशी असलेले दारच वरखाली केले जाते. येथेही तेच तत्त्व लागू पडते. मुखाशी आवाज कमी केला की चारही स्पीकर एकाच वेळी व एकाच प्रमाणात कमी होतात.

हे दोन प्रकारे साधता येते. पहिला प्रकार तारेचा. माईक लहान मिक्सरला जोडावा व मिक्सरमधून निघणारी तार पहिल्या स्पीकरच्या ‘लाइन इन’ या छिद्रात घालावी. त्याच्या ‘लाइन आउट’ मधून दुसऱ्यास, दुसऱ्यातून तिसऱ्यास अशी साखळी करावी. काही स्पीकरमध्ये ‘लाइन आउट’ चा आवाज त्या स्पीकरच्या बटणाबरोबर कमी-जास्त होतो, काहींत होत नाही. जोडणीनंतर पहिल्याचे बटण फिरवून दुसऱ्यावर परिणाम होतो काय हे आधी पाहून घ्यावे. लांब अंतरासाठी तीन टोकांची ‘बॅलन्स्ड’ तार वापरावी. साधी बारीक तार लांबवर नेल्यास तिच्यात घरघर शिरते. तार पायवाटेवरून न नेता कडेने न्यावी व जेथे ओलांडावीच लागेल तेथे ती मातीखाली किंवा सतरंजीखाली दाबावी.

दुसरा प्रकार बिनतारी माईकचा. बिनतारी माईक म्हणजे एक लहान प्रक्षेपक होय. तो ज्या वारंवारतेवर बोलतो, त्याच वारंवारतेवर लावलेली कितीही ग्राहकयंत्रे त्याचा आवाज एकाच वेळी घेऊ शकतात, जसे एका आकाशवाणी केंद्राचे भाषण अनेक घरांतील रेडिओवर एकदम ऐकू येते. म्हणून एक माईक व प्रत्येक स्पीकरसाठी एकेक ग्राहकयंत्र असा संच घ्यावा आणि सर्व ग्राहकयंत्रे एकाच वारंवारतेवर लावून स्पीकरच्या ‘लाइन इन’ ला जोडावीत. येथे वक्त्याच्या हातातील माईकची कळ हाच सर्व स्पीकरचा रिमोट होतो. ती बंद केली की चारही स्पीकर एकदम गप्प होतात. मात्र याच्या उलट चालत नाही; एकाच वारंवारतेवर दोन माईक एकाच वेळी चालू केले तर दोन्हींचे बोलणे बिघडते. प्रश्न विचारणाऱ्यांसाठी दुसरा माईक हवा असेल तर तो निराळ्या वारंवारतेचा असावा व दोन्हींचे आवाज मिक्सरमध्ये एकत्र करून मग पुढे पाठवावेत. काही संचांत वारंवारता बदलता येते, काहींत ती कारखान्यातच ठरलेली असते. खरेदीच्या वेळी हे विचारून घ्यावे.

मांडणी व दुहेरी आवाज

ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. विजेचा संकेत मात्र तारेतून किंवा रेडिओ लहरींतून तत्क्षणी पोहोचतो. त्यामुळे मागच्या स्पीकरमधून शब्द लगेच निघतो आणि पुढच्या स्पीकरचा तोच शब्द हवेतून मागाहून येतो. हे अंतर १२ मीटर असेल तर विलंब सेकंदाच्या सुमारे पस्तीस-सहस्रांश इतका असतो. एवढ्या अल्प अवधीत आलेले दोन आवाज कान एकच मानतो. अंतर ३० मीटर झाले तर विलंब सुमारे अठ्ठ्याऐंशी-सहस्रांश सेकंद होतो व शब्द दुहेरी ऐकू येऊ लागतो. म्हणून साध्या साधनांनी काम करताना स्पीकरच्या दोन रांगांत १२ मीटरहून अधिक, म्हणजे सुमारे सोळा पावलांहून अधिक, अंतर ठेवू नये.

समजा, सुमारे १२ मीटर रुंद व २४ मीटर लांब जागेत दोनशे माणसे बसावयाची आहेत. दोन स्पीकर वक्त्याच्या दोन्ही बाजूंस, त्याच्या थोडे पुढे ठेवावेत. उरलेले दोन स्पीकर तेथून १२ मीटर मागे दोन्ही कडांस ठेवावेत. चारही स्पीकरची तोंडे एकाच दिशेस, म्हणजे वक्त्याकडून मागच्या श्रोत्यांकडे असावीत. एकमेकांकडे तोंडे करून ठेवलेले स्पीकर गोंधळ वाढवितात. स्पीकर जमिनीवर ठेवल्यास पुढच्या रांगेतील माणसांच्या अंगावरच आवाज अडतो. तेव्हा तो टेबलावर, स्टँडवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या कडेस, बसलेल्यांच्या डोक्यांवरून आवाज जाईल इतक्या उंचीवर ठेवावा व पडणार नाही असा बांधून घ्यावा.

पातळी जुळविणे

कार्यक्रमापूर्वी अर्धा तास राखून हे काम करावे. प्रथम मिक्सर किंवा माईक मध्यम पातळीवर ठेवावा. एका माणसाने सारख्या आवाजात अंक मोजत राहावे. दुसऱ्याने प्रत्येक स्पीकरसमोर पाच पावलांवर उभे राहून, एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवून, सर्वांचा आवाज सारखा होईल असे त्यांचे बटण लावावे. मोबाईलवरील ध्वनिमापक अचूक नसतो; परंतु एकाच मोबाईलने चारही ठिकाणी मोजल्यास तुलनेपुरता तो उपयोगी पडतो. बटण जुळल्यावर त्या जागी रंगाचा ठिपका द्यावा किंवा चिकटपट्टी लावावी. त्यानंतर स्पीकरच्या बटणास कोणी हात लावू नये आणि स्पीकरचे अवरक्त रिमोट एका पिशवीत बंद करून ठेवावेत.

माईकने स्पीकरचा आवाज पुन्हा ऐकला की तो आवाज फिरत फिरत वाढतो व कर्कश शिट्टी सुरू होते. स्पीकर जितके अधिक, तितका हा संभव अधिक. म्हणून माईक नेहमी स्पीकरच्या मागे असावा, माईक घेऊन वक्त्याने स्पीकरसमोर जाऊ नये आणि माईक तोंडापासून चार बोटांवर धरावा. दूर धरलेल्या माईकमुळे आवाज वाढवावा लागतो व शिट्टी लवकर लागते. शिट्टी लागलीच तर कोणत्या स्पीकरमुळे लागली हे शोधत न बसता मुखाशीच आवाज कमी करावा. एक नियंत्रण असण्याचा लाभ अशा वेळी स्पष्ट दिसतो.

बॅटरी, परवानगी व शेजार

बॅटरी उतरू लागली की त्या स्पीकरचा आवाज फाटतो व जुळविलेली पातळी बिघडते. म्हणून सर्व स्पीकर, माईक व ग्राहकयंत्रे आदल्या रात्री पूर्ण चार्ज करावीत. शिशाच्या बॅटरीचे स्पीकर उतरलेल्या अवस्थेत ठेवून देऊ नयेत. वापर नसतानाही महिन्यातून एकदा ते चार्ज करावेत. स्पीकर भर उन्हात, धुळीत वा पावसात ठेवू नयेत.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपक लावण्यास लेखी परवानगी आवश्यक आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागेवर तो लावता येत नाही. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून राखले जाते. बेताच्या आवाजाचे अनेक स्पीकर वापरल्यास या मर्यादा पाळणे सुलभ होते. जनावरांचे गोठे व कोंबड्यांची घरे यांच्याकडे स्पीकरचे तोंड करू नये. अकस्मात मोठ्या आवाजाने कोंबड्या एका कोपऱ्यात गर्दी करतात व चेंगरून मरतात.

कार्यक्रमाच्या वेळी

नियंत्रण एकाच माणसाच्या हाती द्यावे व त्याने व्यासपीठाजवळ न बसता श्रोत्यांच्या मधोमध, वक्ता त्यास पाहू शकेल अशा जागी बसावे. शेवटच्या रांगेत एक माणूस नेमावा. ऐकू येत नसल्यास त्याने हात वर करावा व आवाज फार झाल्यास हात खाली करून खूण करावी. मात्रा, तारीख व सावधगिरीच्या सूचना वक्त्याने सावकाश, तीनदा सांगाव्यात आणि ‘सात, म्हणजे पाच आणि दोन’ अशा रीतीने अंक फोडून सांगावेत.

१९५६ साली ऑल इंडिया रेडिओच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने १५० गावांत शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला होता. त्यात गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत व नंतर त्यावर आपसांत चर्चा करीत. केवळ ऐकविण्याने काम पुरे होत नाही. काय ऐकले ते बोलून घ्यावे लागते, ही त्या पद्धतीतील गोष्ट आजही तितकीच उपयुक्त आहे. सबब कार्यक्रम संपण्यापूर्वी माईक शेवटच्या रांगेत न्यावा. त्यापूर्वी मुखाशी आवाज थोडा कमी करावा, म्हणजे स्पीकरसमोर आल्यावरही शिट्टी लागणार नाही. मग पंप पाठीवर घेणाऱ्या एखाद्या भावास किंवा बहिणीस विचारावे : दहा लिटर पाण्यात किती मिलिलिटर? त्यांच्या तोंडून ‘सात’ असे बिनचूक उत्तर आले, म्हणजे स्पीकरची मांडणी व नियंत्रण यांचा हेतू सफल झाला असे समजावे.